रेल्वेची आगोट

नाना बंगळुरूला मुलीकडे निघाले तेव्हा त्यांनी दोंडाईच्यातलं भाड्याचं घर सोडलं, सायकल शेजाऱ्याला दिली, तुळस देवळात नेऊन ठेवली आणि रेल्वे माझ्याकडे दिली. दोन वर्षांसाठी. दोन्ही गुडघे बदलायचे होते, शिवाय नात शाळेत जायला लागली होती.

रेल्वे म्हणजे आठ बाय चारच्या प्लायवूडवर मांडलेली. काडेपेटीतल्या काडीएवढे रूळ, एक स्टेशन, एक पूल, भुशाला हिरवा रंग देऊन केलेलं गवत, विजेवर चालणारं इंजिन आणि चार डबे. नाना रेल्वेत रुळांच्या गँगचे मुकादम होते. निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं त्यांनी हेच केलं. याला कोणी खेळणं म्हटलं तर त्या माणसाला त्या घरात चहा मिळत नसे.

मी सुतार. राजापूरकडचा, सातवीनंतर शाळा सोडलेला. काम शोधत इतक्या लांब आलो आणि पहिल्याच वर्षी टायफॉईडनं झोपलो. ओळख म्हणावी तर नानांच्या दाराची फक्त एक बिजागरी मी बसवली होती. तेवढ्यावर त्या माणसानं मला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं आणि बारा दिवस डब्यातून खिचडी आणली. तेव्हापासून त्यांनी काही सांगितलं की माझं हो आधी जातं, विचार मागून येतो.

माझं काम एका मिरचीच्या व्यापाऱ्याच्या गोदामात चालतं. वर पत्रा, खाली फरशी. एक कोपरा माझा, बाकी सगळी मिरची. शेठ मूळचे राजस्थानकडचे. त्यांनी रेल्वेला जागा दिली आणि स्टेशनला आपलं नाव द्यायची अट घातली. नानांनी ती ऐकलीच नाही असं दाखवलं.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे कोकणात पावसाच्या आधी आगोट करतात. चार महिन्यांचं धान्य, मीठ, लाकडं भरायची आणि ज्याला पाणी लागू नये ते सगळं प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून माळ्यावर टाकायचं. मला वस्तू जपायची एवढी एकच रीत माहीत. नाना श्रावणात गेले. मी शेतकऱ्यांचा काळा प्लास्टिकचा कागद आणला, रेल्वेला तीन वेढे दिले, सुतळीनं आवळलं, वर चिकटपट्टी मारली. इंजिन आणि डबे तेवढे काढून माझ्या कपाटात ठेवले, ते एक बरं केलं.

दर रविवारी नानांचा फोन यायचा. आधी माझी तब्येत, मग रेल्वेची. मी सांगायचो, एकदम बरी आहे नाना. न उघडताच सांगायचो.

थंडीत त्यांच्या जावयानं फोन घेतला. परदेशातल्या लोकांनी मोबाईलवर लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं, की असली मॉडेलं गरम न ठेवलेल्या खोलीत ठेवू नयेत. गोदामात हीटर आहे का, असं त्यांनी विचारलं. मी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, "त्यांना सांग, ऑर्डर दिली आहे. मे महिन्यात येईल."

आणि मे आला, शेठचा हीटर घेऊन. पत्र्याखाली दुपारी पाण्याची बाटली हातात धरवेना. मिरच्यांचे देठ खुडायला बाया येतात, त्यांच्यातली एक वयस्कर मावशी सावली शोधत माझ्या कोपऱ्यात आली आणि त्या काळ्या गाठोड्यापाशी थांबली.

"हाई काय शे, मिस्तरी? मडं बांधेल शे का?"

मी म्हणालो रेल्वे आहे, पाण्यापासून जपली आहे. तिनं वर पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोकणमा पानी पडत व्हई. अठे ऊन पडस. जरा हवा लागू दे तिले."

मी सुतळी कापली. आत श्रावणातली ओल कोंडली होती, तिचा कुबट वास आला. गवतावर बुरशी येऊन वाळली होती. स्टेशनच्या छपराचा रंग कागदाला चिकटून सोलून निघाला. आणि पुलाच्या अलीकडे दोन्ही रूळ उचलले गेले होते, मांजर पाठीची कमान करतं तसे.

रविवारला चार दिवस होते, ते मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. नवीन रूळ धुळ्यात मिळतात का, ते पाहून आलो. मिळत नाहीत. खोटं बोलावं असं दोनदा ठरवलं. फोन आला आणि तब्येतीचं विचारायच्या आतच मी सगळं ओकून टाकलं.

मग नानांनी हळूच विचारलं, "सांध्यात फटी आहेत का रे?"

मी बघून आलो. एकही नव्हती. रूळ एकमेकांना टेकवून पक्के बसवले होते.

"दार लावून घेतो, थांब," नाना म्हणाले. दार लागल्याचा आवाज आला. "मिस्तरी, हे कोणाला सांगायचं नाही. उन्हात रूळ वाढतात, म्हणून छत्तीस वर्षं मी त्यांच्या फटी मोजल्या. गँगमधल्या पोरांना त्यावरून शिव्या घातल्या. आणि घरी फट दिसायला वाईट दिसते म्हणून ठेवलीच नाही. तिथं कूलर होता, म्हणून निभलं."

मी म्हणालो, पण कागद मी बांधला होता.

"ते गवताचं झालं. गवत परत लावता येतं. रुळांचं पाप माझं."

एवढं हलकं मला टायफॉईड उतरल्यावरही वाटलं नव्हतं.

मग त्यांनी फोनवरून मुकादमकी केली. भर दुपारीच कापायचं, कारण तेव्हा रूळ सगळ्यात लांब असतात. लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी फट, जास्त नाही. वीज तुटू नये म्हणून दोन्ही बाजूंना तांब्याची बारीक तार सोल्डर करायची. मी बारा सांधे कापले, घाम रुळांवर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधून. मावशीनं कडुलिंबाचा पाला आणला, वर टाकायला आपली जुनी सुती साडी दिली, आणि प्लायवूडखाली विटा द्यायला लावल्या, म्हणजे वाळवी आली तर दिसेल. कोपऱ्याला मी फळ्यांची भिंत घालून दार बसवलं. गवत परत केलं, नानांच्यापेक्षा जरा गडद झालं.

पुढच्या थंडीत नाना आठ दिवस आले, नव्या गुडघ्यांवर, काठी न घेता. आल्या आल्या त्यांनी प्रत्येक फटीत नख घालून पाहिलं. मग गाडी सोडली. पुलावर इंजिन घसरलं. परत सोडली, परत तिथंच. मला बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं. थंडीनं फट मोठी झाली होती आणि रुळाची कड चाकाला आडवी येत होती. नानांनी कानस मागितली, कड दोनदा घासली, फुंकर मारली. तिसऱ्यांदा गाडी पूल ओलांडून स्टेशनात गेली आणि फेऱ्या मारतच राहिली.

देठ खुडायचं सोडून मावशी पाहत होती. म्हणाली, "गाडी शे, टेसन शे, पन मानसे कथा गयात?"

नाना चपापले. अकरा वर्षांत त्यांनी एक माणूस केला नव्हता. "लाकडाचे तुकडे असतील ना तुझ्याकडे?" त्यांनी मला विचारलं.

आतापर्यंत नऊ माणसं झाली आहेत. मावशीची केली ती तिला मान्य नाही. "मी इतली जाडी शे का?" असं ती सगळ्यांना विचारत फिरते.

निघायच्या दिवशी मी नानांना स्टेशनवर सोडायला गेलो. दोन वर्षांतलं दीड वर्ष सरत आलं होतं, म्हणून कोपऱ्याच्या कुलपाची किल्ली त्यांच्यापुढे धरली. रेल्वे कधी नेणार ते विचारायचा धीर होत नव्हता.

"मी ती घेऊन काय करू?" नाना म्हणाले. "तिकडे मे महिना नसतो. ती इथलीच, इथंच राहू दे. तूच बघ."

मी किल्ली खिशात टाकली. गाडी सुटेपर्यंत तीनदा चाचपली.