वन्संच्या पिशव्या

वन्सं गेल्यापासून मी लिहायला बसते आणि दोन ओळींवर थांबते. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही असं लोक म्हणतील. नवऱ्यामागे ऐन पंचविशीत माहेरी परतलेली बाई. भावाच्या संसारात राहिली, खिडकीपाशी बसून तांदूळ निवडत राहिली आणि एका थंडीत गेली. पण मधली काही वर्षं त्यांनी पिशव्या केल्या. त्या कामात मी त्यांच्याबरोबर होते. तेवढंच मला नीट ठाऊक आहे, म्हणून तेवढंच लिहिते.

मी तेव्हा लोणावळ्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. यजमान देहूरोडच्या डेपोत कारकून. सकाळच्या गाडीने जायचे, दिवेलागणीला परतायचे. वन्सं त्यांची धाकटी बहीण, साधारण माझ्याच वयाच्या. घरात त्यांना कुणी कधी टोचून बोललं नाही. तरी जेवताना आणखी भात घ्या म्हटलं की त्या पानावर आडवा हात धरायच्या. एकदा भांडी विसळताना म्हणाल्या, "दादा चांगला आहे हो, वहिनी. पण एकदा तरी या घरात माझ्या पैशाचा तांदूळ शिजावा." पुढे जे झालं ते सगळं या वाक्यासाठी झालं, असं मला वाटतं.

पिशव्यांचं सुचलं ते स्टेशनवर. कुणाला तरी पोचवायला गेलो होतो. मुंबईकडच्या एका बाईंच्या हातातलं चिक्कीचं पुडकं पावसाने भिजलं, कागद तळातून सुटला आणि सगळी चिक्की फलाटावर पसरली. वन्सं खाली बसून त्यांना ती वेचून देऊ लागल्या. परतल्यावर घराच्या पायरीवर छत्री मिटताना म्हणाल्या, "इथे कागद काय कामाचा? कापड हवं."

नवं कापड परवडणारं नव्हतं. भांड्यांवर जुने कपडे घेणारी बोहारीण आमच्या आळीत यायची. तिच्याकडून वन्सं जुनी सुती लुगडी विकत घेऊ लागल्या. ती उकळून धुवायची, विरलेला भाग काढून टाकायचा आणि धड भागाला आतून स्वस्त मांजरपाटाचं अस्तर लावायचं. त्यांचे काही नियम होते. जुन्याला जुनंच म्हणून विकायचं. जी पिशवी घेऊन आपण बाजारात जाणार नाही, ती दुसऱ्याला द्यायची नाही. आणि शिवणारणीची शिलाई पिशवी हातात आली की त्याच दिवशी चुकती करायची, दुकानदार त्याचे पैसे कधी का देईना.

शिवणारीण शोधावी लागली, कारण आमच्या घरात मशीन नव्हतं आणि आम्हा दोघींचेही टाके वाकडे पडत. कुसगावात एक म्हातारी होती, शेतकरी घरातली. तिच्या गोधड्या पंचक्रोशीत नावाजलेल्या. गुडघे गेल्यामुळे तिला भातलावणीला वाकवत नव्हतं. आम्ही तिला मावशी म्हणायचो. वन्संनी बेतलेले तुकडे तिच्यापुढे ठेवले, तर तिने ते उलटसुलट करून पाहिले.

"एवढीशी गोधडी कुणाला? मांजराला व्हय?"

"पिशवी करायची आहे, मावशी."

"मग तसं सांगा की. मला वाटलं, तुमच्या मास्तरीणबाईंचं डोस्कं फिरलं."

मास्तरीणबाई म्हणजे मी. तिची सून तोंडाला पदर लावून हसली. मग दोघी सासू-सुना शिवू लागल्या. गोधडीला घालतात तसे बारीक, ओळीने धावदोरे. त्या पिशवीत ओले नारळ घातले तरी शिवण ताणली जात नसे.

बाजारपेठेतल्या एका चिक्कीवाल्याने दाराशी खिळ्यांवर त्या टांगल्या. खपू लागल्या. वन्सं रात्री हिशेब करायच्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी किती तुकडे बेतायचे ते ठरवायच्या. दिवाळीपर्यंत तांदळाचं जमेल, असं एकदा म्हणाल्या.

श्रावणात शाळेतून परतताना दुकानदाराने मला हाक मारली. फळीवर आमच्या पिशव्यांचा ढीग होता आणि ढिगापासून भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग. त्याने एका पिशवीचा तळ कात्रीने उसवला होता. आतून काळा, कडक, नखाएवढा तुकडा निघाला होता.

"हे काय आहे, बाई? सगळ्यांत आहे. प्रत्येकीच्या कोपऱ्यात."

मी तो तुकडा उचलून उजेडात धरला.

"माझी बायको हात लावायला तयार नाही. म्हणते, करणी आहे."

"एवढ्या पिशव्यांवर कोण करणी करत बसेल?"

"तेच तर म्हणतो! एकीवर असती तर समजलो असतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझं तुमच्याशी काही वाकडं नाही. पण गिऱ्हाईक इथे खायची वस्तू घ्यायला येतं. ती म्हातारी बदला. दुसरी कुणी बघा, नाहीतर मशीनवर शिवून आणा. मी आनंदाने ठेवतो."

घरी आल्यावर वन्संनी तो तुकडा हातावर घेतला, हुंगला आणि बोटांनी चुरडला. "नाचणीची भाकरी आहे ही," म्हणाल्या.

रविवारी आम्ही कुसगावला चालत गेलो. मावशी मुळीच ओशाळली नाही. "घातलीच हाय की. गोधडी पुरी झाली की कोपऱ्यात घास शिवायचा. उपाशी वस्तू दुसऱ्याच्या घरी धाडू न्हाई."

"आमाला अर्धी भाकर," सून चुलीपासून म्हणाली, "अन् पिशवीला पैला घास."

"तू गप. तू खातीस अन् कुरकुरतीस. ती मुकाट वझं उचलती."

"मावशी, मुंग्या लागतात," मी म्हटलं.

"लागंनात. त्यास्नी काय पोट न्हाई?"

वन्संनी तिला दुकानदाराचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, करणीचंसुद्धा. तेव्हा मात्र म्हातारीचं तोंड उतरलं. हातातली सुई तिने कापडात खोचून ठेवली. "मग बदला मला. माझ्यासाठी तुमचं नुसकान कशाला? पर मी उपाशी पिशवी न्हाई द्यायची."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या, फार थकलेल्या दिसत होत्या. 'बरं' एवढं म्हणण्याचा अवकाश होता. दुकान राहिलं असतं आणि दिवाळीपर्यंत तांदूळही झाला असता. मग त्यांनी विचारलं, "मावशी, देवाला नैवेद्य दाखवतो, तो देवाच्या पोटात शिवतो का?"

"न्हाई बा."

"दाखवतो आणि आपण खातो."

"व्हय."

"मग पिशवीलाही दाखवू. शिवून झाली की आत भाकरी ठेवायची, घटकाभर राहू द्यायची, मग काढून आपण खायची."

म्हातारी विचारात पडली. "पर तेवढ्यानं तिचं पोट भरंल का?"

"देवाचं भरतं," सून म्हणाली, "ही काय देवापरीस मोठी लागून गेली?"

म्हातारीने सुई परत हातात घेतली.

दुकानदाराला आम्ही हे सगळं समजावलं. त्याने मान डोलावली. "मला पटलं हो, बाई. बायकोला कोण पटवणार? आणि आता पेठेत चार जणांना कळलंय. म्हातारी बदला, एवढं सोपं आहे."

"मावशीच शिवणार," वन्सं म्हणाल्या आणि ढीग उचलला.

त्या पिशव्यांच्या तळाच्या शिवणी आम्ही उसवल्या, तुकडे काढले, कापड धुऊन वाळत घातलं. लोणावळ्याच्या पावसाळ्यात काही वाळत नाही. शेगडीवर टोपली उपडी घालून एकेक सुकवावी लागली. यजमान दारात उभे राहून पाहत होते. "सोडून दे ना," ते बहिणीला म्हणाले, "तुला इथे काय कमी आहे?" ते मायेनेच बोलले होते. वन्संनी पुढची पिशवी टोपलीवर पसरली. त्यांचे खांदे मात्र आणखी खाली आल्यासारखे मला वाटले.

दुकान गेलं, म्हणून वन्संनी रविवारी वलवणच्या रस्त्यावर जायचं ठरवलं. तिकडे धरण पाहायला मंडळी येत.

"माझी बहीण रस्त्याच्या कडेला बसणार?" यजमानांनी विचारलं.

"उभी राहीन, दादा."

आणि त्या उभ्या राहिल्या. मी सोबत जायचे, जमेल तेव्हा. धुकं इतकं असायचं की गिऱ्हाईक अगदी जवळ येईपर्यंत दिसायचं नाही. कुणी पिशवी हातात घेतली की भाव सांगायच्या आधी वन्सं सांगायच्या, "जुन्या लुगड्याची आहे. धुतलेली आहे." ते ऐकून काही जण पिशवी खाली ठेवायचे. पुढच्या माणसालाही त्या तेच सांगायच्या. काही रविवारी सगळ्याच्या सगळ्या परत आणल्या.

शनिवारी कुसगावात पिशव्यांचं जेवण असायचं. मावशी प्रत्येकीत भाकरीचा तुकडा ठेवून तिचं तोंड दुमडायची. आम्ही चौघी बाजूला बसायचो, अंगारकीला चंद्राची वाट पाहतात तशा. मग तुकडे काढून मिरचीच्या ठेच्याशी खायचो. सून म्हणायची, "झालं का हो पिशवीबाईंचं?" वन्सं तिथे पोटभर जेवायच्या.

तांदूळ दिवाळीला आला नाही. दिवाळी गेली, थंडी पडली, आणि पौषात एका संध्याकाळी त्या वाण्याकडून जुना आंबेमोहोर घेऊन आल्या, आपल्याच एका पिशवीतून. घरात कुणाला सांगितलं नाही. मला मात्र पातेल्याचं झाकण काढल्याबरोबर वासावरून कळलं. यजमान जेवताना म्हणाले, "आज भात छान मोकळा झालाय," आणि परत मागून घेतला. वन्संनी वाढला. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्या हसतील, निदान डोळे भरून येतील.

मागचं आवरून झाल्यावर त्या दिव्याजवळ येऊन बसल्या आणि पुढच्या शनिवारचे तुकडे मांडीवर घेतले. "वहिनी," म्हणाल्या, "आता दर महिन्याला जमायला हवं."

बहुतेक महिन्यांत जमलं. काही महिन्यांत नाही.