सुमनताईंची दुरुस्ती

गेल्या रविवारी दुपारी लंडनजवळच्या एका मराठी मंडळात ब्रिटनच्या माजी पंतप्रधानांवरून वाद झाला. गावातल्या रुग्णालयाचा प्रसूती विभाग बंद आहे. तो पुन्हा उघडावा म्हणून मंडळ खासदारांना पत्र देणार होतं. त्या विभागात वीस वर्षं नर्स राहिलेल्या सुमनताईंची सही त्यावर पहिली हवी होती.

विभाग माजी पंतप्रधानांनी बंद केला, असं पत्रात लिहिलं होतं.

"बंद त्यांच्या आधीच्या सरकारनं केला, भाऊ," ताई म्हणाल्या. "नोटीस माझ्याच हातात दिली होती."

"अहो, माणूस घरी बसलाय आता. एका ओळीनं त्याचं काय बिघडतंय?" मंडळाचे अध्यक्ष भाऊ म्हणाले. "आणि नोकरी तुमचीच गेली ना?"

"गेली. म्हणूनच नीट लिहा. उघडतो म्हणाले आणि उघडला नाही, तेवढाच दोष त्यांचा."

पायउतार झालेल्या माणसावर सगळंच ढकलता येतं, कारण तो उत्तर द्यायला येत नाही. ज्याचं नुकसान झालं त्यानंच दोष इतका मोजून द्यावा, हे क्वचित पाहायला मिळतं.

ताईंनी ती ओळ खोडली, वर दुरुस्ती लिहिली आणि सही केली. त्याखाली भाऊंनी केली.