पावलावरची काडी

चपला काढायच्या, काखेत मारायच्या आणि जिथं चोरी झाली त्या जागेभोवती कडेकडेनं एक अनवाणी फेरी मारायची. फेरी मारताना आपलंच पाऊल ओल्या मातीत उमटलं, की बाभळीची नाहीतर तुरीची एक काडी मोडून त्यावर आडवी ठेवायची. "ही माजी," असं स्वतःशीच म्हणायचं आणि पुढं सरकायचं. आमच्या जमादारांची ही रीत होती. मागून येणाऱ्यानं त्यांचं पाऊल चोराचं समजू नये, एवढाच त्या काडीचा अर्थ.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मी प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात शिपाई होतो. ठाण्याचं नाव कशाला सांगू? देवळालीकडून येणाऱ्या उसाच्या गाड्या आमच्या दारावरून जात, एवढं सांगितलं तरी पुरे. जमादार राजूरच्या वरच्या अंगाचे, डोंगरातले. शिक्षण चौथी. मी मॅट्रिक, शिवाय ट्रेनिंगमध्ये ठसे घेण्याच्या तासाला पहिला आलेला. बोटांचे ठसे, पायांचे ठसे, प्लास्टर किती पाण्यात किती कालवायचं, सगळं माझ्या वहीत लिहिलेलं होतं. म्हणून जमादार मला "मास्तर" म्हणत. त्यात खोच नव्हती, पण मला ती लागायची.

आता तुम्हीच सांगा. वही माझ्याकडे, आणि कुठल्याही वस्तीवर चोरी झाली की माणूस ठाण्याच्या दारात येऊन विचारणार, "जमादार हायेत का?" मी खुर्चीतून म्हणायचो, "मी आहे ना, काय काम?" त्यावर तो माणूस नम्रपणे ओट्यावर बसायचा. "बसतो मंग, येऊ द्या त्यांना." हे महिन्यातून चार वेळा झालं तर कुणाच्या पोटात दुखणार नाही?

जमादारांचं काम बघायला मात्र मजा यायची, हे मी आता कबूल करतो. पाऊल सापडलं की ते शेतातलं लोखंडी घमेलं मागून घेत आणि पावलावर पालथं घालत. ऊन नको, वारा नको, कोंबड्या नकोत. मग सावलीला बसून तंबाखू मळत. आम्ही उतावीळ होऊन उभे.

"जमादार, चला ना पुढं."

"घाई कुनाला हाय? पाऊल पळत न्हाई."

एकदा शेळी गेली होती. घमेलं उचलून त्यांनी इतका वेळ पाहिलं की मला जांभई आली. मग म्हणाले, "गडी उजव्या खांद्यावर घिऊन गेलाय. उजवा पाय खोल हाय. आन् मधी एकदा बसला हुता, त्याला धाप लागती." दमेकरी चोर दोन वस्त्या पलीकडं सापडला, शेळीसकट. परतताना हॉटेलवाल्यानं पहिला चहा जमादारांपुढं ठेवला, दुसरा फौजदार साहेबांपुढं. साहेब हसले. मला तो चहा कडू लागला.

त्यातून घरही सुटलं नाही. पोलीस लायनीतल्या नळावर त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, "वैनी, मास्तरांची उजवी चप्पल आतल्या अंगानं झिजलीया. गुडघा दुखत आसंल त्यांचा, सांगत नसत्याल." संध्याकाळी घरी गेलो तर वीट तापवून तयार. गुडघा खरंच दुखत होता आणि शेकानं बरंही वाटलं. "किती लक्ष असतं हो जमादारांचं," बायको म्हणाली. मी गुडघा ओढून घेतला आणि झोपलो.

अशात जिल्ह्याच्या साहेबांचं पत्र आलं. शास्त्रीय तपासाच्या शिक्षणासाठी ठाण्यातून एका माणसाचं नाव पाठवा. तीन महिने शिकायचं आणि मग नगरला राहून नव्या भरतीच्या पोरांना शिकवायचं. फौजदार साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्यापैकीच एकाचं नाव धाडणार. पंधरा दिवसांत ठरवतो."

मला ती जागा हवी होती. इतकी, की मी मनातल्या मनात फळ्यासमोर उभा राहून शिकवायलाही लागलो होतो. जमादार नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पण ते बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, मलाबी वाटतंय जावं. सा वरसं ऱ्हायली नोकरीची. माज्या मागं हे कोन बघनार?" आयुष्यात त्यांनी काही मागितलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं, आणि ऐकून मला राग आला.

त्याच आठवड्यात एका विहिरीवरच्या इंजिनाचं पितळी सामान चोरीला गेलं. मी सकाळी सायकलवरून प्लास्टरचा डबा घेऊन पोचलो. शेतकरी म्हणाला, "जमादार शेजारच्या गावच्या बंदोबस्तावरनं येता येता हितं वळलं हुतं. समदं बघून पंच आनाया गेल्यात."

विहिरीच्या अंगाला दोन घमेली पालथी घातलेली होती. उचलून पाहिलं, तर खालची पावलं अर्धवट, पुसट, घसरलेली. त्यांतून काय शिकवायचं आणि कुणाला दाखवायचं? मी घमेली परत ठेवली. मग पाटाच्या कडेला एक उजवं पाऊल दिसलं. पाची बोटं, टाच, टाचेची भेगसुद्धा, असं पाऊल मी ट्रेनिंगमध्येही पाहिलं नव्हतं. त्यावर बाभळीची एक काडी आडवी पडली होती.

माझ्या पुस्तकात लिहिलं होतं, की ठशावरचा काडीकचरा अलगद उचलावा. मी अलगद उचलला.

तुम्ही विचाराल, ही काडी कुणाची हे ध्यानात आलं नाही का? आलं. मग मी मनाला समजावलं, की बाभूळ तर बांधावरच उभी आहे, वाऱ्यानं पडली असेल. वारा नव्हता. पण पाऊल फार देखणं होतं, आणि पंधरा दिवसांपैकी नऊ संपले होते. मी काडी पाटात टाकली आणि प्लास्टर कालवलं.

ठसा उत्तम निघाला. फौजदार साहेबांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "याला म्हणतात शास्त्र." दुपारपर्यंत शेजारच्या पाचटाच्या कोप्यांमधले, म्हणजे झोपड्यांमधले, सगळे ऊसतोडे रांगेत उभे केले. पाथर्डीकडच्या एकाचं पाऊल जुळलं. लांबी तीच, अंगठ्याशेजारचं बोट तसंच लांब, टाचेला भेग. अनवाणी राबणाऱ्याच्या टाचेला भेग नसेल तर काय असेल? पण मी बोललो नाही. त्याला कोठडीत घातलं. त्याची बायको फाटकापाशी येऊन बसली. कोयता मांडीवर तसाच, तोडीवरनं सरळ आलेली.

जमादार तिसऱ्या प्रहराला पंचांना पोचवून परत आले. त्यांनी ठसा हातात घेतला, फिरवला, टाचेवरून बोट फिरवलं आणि खाली ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. जळफळाट दिसावा अशी माझी फार इच्छा होती. दिसला नाही.

ते मागच्या हौदावर हात धुवायला आले तेव्हा मी तिथंच होतो.

"मास्तर, काडी हुती का वो तिथं?"

"कसली काडी?"

"न्हाई, इचारलं." त्यांनी हात पुसले. "साहेब सहाला येत्याल. त्यांना तुमीच सांगा, घोटाळा झाला म्हनून. तुमच्या तोंडनं बरं दिसंल. त्यो गडी इनाकारन बसलाय आत."

मी म्हणालो, "जमादार, तुम्हाला माझं बघवत नाही. सरळ तसं सांगा."

हे मी म्हणालो, मी, ज्याला गेली दोन वर्षं त्यांचा चहाचा कपसुद्धा बघवत नव्हता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मातीतल्या पावलाकडं बघत तसंच, सावकाश. म्हणाले, "घाई कुनाला हाय? सांजपतूर येळ हाय."

सहा वाजले. साहेब आले, बसले, माझी शिफारस लिहायला कागद पुढं ओढला. मी उभा होतो. सांगायचं ठरवलंही होतं, शपथेवर सांगतो. पण कागदावर माझं नाव साहेबांनी लिहायला घेतलं होतं, आणि बाहेर ती बाई बसली होती. मी कागदाकडं बघत राहिलो.

जमादारांनी उजवी चप्पल काढली, स्टूल ओढलं आणि त्यावर पाय ठेवून तळवा साहेबांच्या दिशेनं वर केला. शेजारी माझा ठसा धरला. करंगळी किंचित आत वळलेली, भेगेला मधे एक फाटा. त्या गड्याच्या भेगेला फाटा नव्हता.

"साहेब, ह्यो पाय माजा हाय. सकाळी मी पाटावरनं गेलो आन् काडी ठिवायची इसरलो. मास्तरांनी बरोबर केलं, चूक माजी."

मी तिथं होतो. मी ऐकलं. मी काही बोललो नाही.

ऊसतोड्याला तासाभरात सोडलं. तो आणि त्याची बायको रस्त्यानं गेली, एकमेकांशी न बोलता. साहेब मात्र भडकले. गुन्ह्याच्या जागेवर पावलं उमटवून गोंधळ केला म्हणून जमादारांच्या सेवापुस्तकात शेरा गेला, आणि शेरा असलेला माणूस शिकवायला कसा पाठवणार? नाव माझं गेलं. चार दिवसांनी जमादारांनी घमेल्याखालच्या त्या पुसट पावलांवरनं खरा चोर काढला. तो इंजिन दुरुस्त करणाराच निघाला. सेवापुस्तकातला शेरा तसाच राहिला.

मी नगरला गेलो, शिकलो, शिकवायला लागलो. पोरं मला सर म्हणायची. मी त्यांना प्लास्टर शिकवलं, पावडर शिकवली, घमेलंही शिकवलं. उजवा पाय खोल असेल तर काय समजायचं, हेही शिकवलं. काडी मात्र कधी शिकवली नाही. एखादा त्या तालुक्याचा पोरगा विचारायचा, "सर, तुम्ही त्या जमादारांच्या हाताखाली होता म्हणे?" इतकी वर्षं उलटली, फळा माझा, खडू माझा, तरी छातीत तेच खुपायचं. हेवा माणसाबरोबर बदली घेऊन जातो, हे मला नगरला कळलं.

तो ठसा पुरावा म्हणून निकामी झाला होता. फेकून द्यायला म्हणून मी तो घेतला आणि पेटीत ठेवला. का, ते मला सांगता येत नाही.

जमादार निवृत्त होऊन गावी गेले. एकदाही मी भेटायला गेलो नाही. ते वारल्याचं राजूरच्या बाजाराला जाणाऱ्या एका शिपायाकडून महिन्याभरानं कळलं, तेव्हा निघालो. ठसा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला.

घर सापडलं. त्यांच्या बायकोनं नुकतंच अंगण सारवलं होतं. ओल्या सारवणाच्या कडेकडेनं जाऊन मी ओट्यावर बसलो. त्या म्हणाल्या, "ह्यांचा एक फोटू न्हाई बघा. नोकरीतला एक हुता, त्यात ह्यांनी नेमकी मान हालवली." मग मी पिशवी उघडली.

त्यांनी ठसा मांडीवर घेतला. काही सांगावं लागलं नाही. भेगेच्या फाट्यात बोट घालून म्हणाल्या, "हितं मी मेन भरायची, थंडीच्या दिसात." मला तिथंही हेवा वाटला. माझा तळवा असा ओळखणारं कुणी असेल, असं मला वाटत नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आन् काडी कुठं ह्याच्यावरची?"

मी वर्तमानपत्राची घडी घालू लागलो.

"न्हाई, म्हंजी काडीबिगर पाऊल सोडायचेच न्हाईत ते. ह्या आंगनात ओल्या सारवनावर पाय पडला तरी काडी ठिवून जायाचे. मी पोरांना बोलायची ना, कुनी तुडवलं म्हनून. पोरांना उगा बोलनी नकोत, म्हनायचे. येकदाच इसरले नोकरीत. शेरा मिळाला. लई चिडवायची मी त्यांना त्याच्यावरनं, आन् ते हसायचे."

"काडी होती," मी म्हणालो. "मी उचलली."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ठशावरची धूळ पदरानं पुसत राहिल्या.

"मंग ते इसरले न्हवते तर," त्या म्हणाल्या, आणि ठसा घेऊन आत गेल्या.

मी बराच वेळ बसलो. त्या बाहेर आल्या नाहीत, आणि हाक मारायचा धीर मला झाला नाही. उठलो आणि भानावर नसल्यासारखा सरळ अंगणातून निघालो. फाटकापाशी मागं वळून पाहिलं, तर ओल्या सारवणावर माझी पावलं उमटली होती. उजव्या चपलेची, आतल्या अंगानं झिजलेली.

मी वाकून काडी शोधू लागलो. पण त्या बाईनं अंगण इतकं स्वच्छ झाडलं होतं, की एकही काडी सापडली नाही.