शेतातून बाहेर या

दशरथदादा दोन पंच बसवल्याशिवाय कुणाच्या हार्ड डिस्कला हात लावत नसत. एक पंच कॉम्प्युटरचा मालक, दुसरा शेजारचा चहावाला. दादा मूळचे काल्हेरचे जमीनवाले. बऱ्याच जमिनीवर गोदामं उभी राहिली, तेव्हा हौस म्हणून त्यांनी धामणकर नाक्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं. डिस्कचे भाग पाडणाऱ्या हद्दींना ते बांधच म्हणत. "मोजणीला पंच नको? उद्या तुमीच बोलाल, दशरथनं बांध सरकवला."

मी तेव्हा लूमवाल्यांसाठी कापडाच्या किनारींची डिझाइन काढत असे. विंडोज नव्याने टाकताना वीज गेली आणि डिझाइनचा अख्खा डी ड्राइव्ह दिसेनासा झाला. संध्याकाळी नमुने दिले नाहीत, तर मोठं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. काय काय गेलं त्याची यादी करून मी दुकान गाठलं. दादांनी ती न वाचताच बाजूला ठेवली.

"ताई, बांध मोडला म्हंजे जमीन पलाली काय?"

त्यांनी विंडोजऐवजी लिनक्सच्या सीडीवरून मशीन सुरू केलं. जुन्या हद्दी सापडल्या, पण त्या डिस्कवर लिहायला गेलं की एकच उत्तर: डिस्क वापरात आहे. दादांनी केबल बदलली, मशीन पुन्हा सुरू केलं, केबल बनवणाऱ्याचा उद्धार केला. तेच उत्तर.

"दादा, आज बांध आपको सरका रहा है," चहावाला म्हणाला.

"पण वापरतंय कोण?" मी विचारलं. "विंडोज तर बंद आहे."

दादा थबकले आणि मांडीवर थाप मारून हसले. सीडीवरच्या लिनक्सनेच सुरू होताना त्याच डिस्कचा एक कोपरा स्वतःच्या कामासाठी धरून ठेवला होता.

"आपुनच शेतात उभं, आनि मोजणी मागतोय. पयलं बाहेर या."

तो कोपरा त्यांनी सोडवला, आम्हा दोन्ही पंचांकडून मोठ्याने होकार घेतला, मगच एन्टर दाबलं. डी ड्राइव्ह परत आला. नमुने वेळेवर गेले.

दादा वारले, त्यानंतर मुलांनी उरलेल्या जमिनीची वाटणी काढली. थोरल्याचा निरोप आला: पंच म्हणून ताईच पाहिजेत, बाबा सांगून गेलाय. मी गेले. मोजणीदार ताटकळला होता. धाकट्याने वाटणीआधीच रस्त्याकडच्या कोपऱ्यात विटा रचल्या होत्या आणि त्यांवर मांडी ठोकून बसला होता. थोरला त्याच्याशी बोलायलाही तयार नव्हता.

"पयलं शेतातून बाहेर ये," मी म्हणाले. "मग मोजणी."



"बाबाच बोलला," धाकटा म्हणाला आणि विटांवरून उतरला.