मेश्रामची वाळू

रस्त्याकडेला बांधकामाची वाळू पडलेली दिसली की मेश्राम स्कूटर थांबवणारच. चिमूटभर उचलून बोटांत चोळायचा आणि मागे बसलेल्या मला सांगायचा, "नदीची आहे. टोचते. समुद्राची गोल रायते." साठी उलटलेला माणूस पिपरी मेघेच्या भर चौकात वाळू चोळत उभा, आणि येणारेजाणारे नमस्कार करणार ते त्यालाच. मला कोणी विचारायचं नाही. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

आम्ही वर्धेत एकाच बाकावर बसून इंजिनियर झालो. तो सिंदी रेल्वेहून पॅसेंजरने यायचा. पुढे नोकरीही एकाच खात्यात, कोकणात. तिथल्या एका गावी किनाऱ्यावरून समुद्रात शिरणारा दगडी बांध मी घातला. माझं पहिलं स्वतंत्र काम. बांधाच्या उत्तरेला वाळू साचून मैदान झालं, माझा सत्कार झाला. दक्षिणेला मात्र वाळू येईनाशी झाली आणि लाटा घरांच्या पायऱ्यांपर्यंत आल्या. मेश्राम म्हणाला, "वाळू चालत रायते बे. तू तिची वाट अडवली. काढून टाक तो बांध."

साहेबांनी त्याचं ऐकलं. माझ्या डोळ्यांदेखत क्रेनने एकेक दगड उचलला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

पहिल्याच पावसाळ्यात उत्तरेचं मैदान कापलं गेलं, आणि दक्षिणेला मूठभरही भर नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गुपचूप जाऊन मी किनाऱ्याची उंची मोजली आणि आकड्यांसकट निनावी पत्र वर धाडलं: किनारा बुडाला, बांध परत घाला. ते पत्र पुढे ठेवून मेश्रामची चौकशी लागली, बढती अडकली. तो साहेबांना एवढंच म्हणाला, "उत्तरेची वाळू निघाली, म्हणजे ते चालून राह्यली. दक्षिणेले पोचाले तिले वेळ लागन. अजून एक पावसाळा द्या." आणि दुपारी माझ्याच डब्यातलं लोणचं मागून खायचा.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर दक्षिणेला वाळू आली. पायऱ्यांपुढे पुन्हा होड्या ओढून ठेवता येऊ लागल्या. गावाने त्याला शाल पांघरली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या.

मागच्या महिन्यात तो गेला. पुण्यानुमोदनाला आलेली मंडळी पांगल्यावर मी वहिनींपाशी थांबलो आणि सांगून टाकलं, ते पत्र माझं होतं.

त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "त्याईले तवाच कळलं होतं, भाऊजी. तुमच्या हातचे आकडे ते ओळखत नव्हते का?"

"मंग बोलला काऊन नाई?"

"म्हणत, त्यानं मोजलं एकदम बरोबर. फक्त घाई केली."

अख्ख्या नोकरीत माझ्या मोजणीला बरोबर म्हणणारा एकच माणूस निघाला. तो नेमका हाच असावा, याचा जळफळाट अजून होतो.