पायाखालची नदी

मासा शिजला की संपतो. आमटी उंड्याच्या पावाने पुसून जाते, काटे मांजर नेतं. किस्सा मात्र खाल्ला तरी संपत नाही, जितके खाणारे तेवढा तो वाढतो! हळर्णला नदीच्या वळणावर आम्ही चौघे मासे मारायला जायचो. तिथून घरी मासे आले थोडे आणि किस्से आले ढीगभर.

चौघे म्हणजे कोण ते सांगतो. उत्तमकाका, साठी उलटलेला, आम्हाला जाळं फेकायला त्यानेच शिकवलं. फोंडू, धारगळला हायवेवर पंक्चर काढतो. माझा मोठा भाऊ सुदेश, मी त्याला दादा म्हणतो. आणि मी दिपू, आठवीत शाळा सोडलेला.

दादा गेला. त्याच वळणावर, पाण्यातल्या एका खड्ड्यात. तो खड्डा रेतीसाठी मी खणलेला. आईला ते ठाऊक नव्हतं.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. रडून झालं आणि मग जो तो वळणावरचे किस्से सांगायला लागला. आई ऐकत होती. एकदोनदा हसलीसुद्धा. फोंडू मला म्हणाला, "तू पण सांग रे एखादो." मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो तो परत तिथे बसलोच नाही.

तेव्हा सांगितले नाहीत ते आता सांगतो.

*

उत्तमकाकाची पहिली शिकवण अशी, "पाण्यात पाय उचलायचो नाय, सरकवायचो. पाय उचललो तर तू चलतंस. सरकवलो तर नदी तुका चलयता." त्याला तळ खळ्यासारखा पाठ होता. खडक कुठे, चिखल कुठे, डोळे मिटून सांगायचा.

एकदा फोंडूने पाय उचलला आणि नेमका शेंगाळ्यावर ठेवला. शेंगाळा म्हणजे मिशांचा मासा. त्याचा काटा टोचला की माणूस स्वतःचं नाव विसरतो. फोंडू बोंबलायला लागला, "सुसर! सुसर! माका सुसरीन धरल्यान!"

आम्ही दोघे भाऊ धावत काठावर. उत्तमकाका जागचा हलला नाही. म्हणाला, "सुसरीन धरल्यान तर तुका इतक्या बोलूक दिली असती?"

फोंडूचा पाय आठ दिवस भोपळ्याएवढा. दुकानात एका पायावर उभा राहून जॅक मारायचा. गिऱ्हाईक विचारायचं, काय झालं रे? फोंडू गंभीर तोंड करून सांगायचा, "सुसर!"

*

हाताने फेकायच्या गोल जाळ्याला आम्ही पागेर म्हणतो. त्याची दोरी डाव्या मनगटाला बांधायची, म्हणजे फेकलेलं जाळं परत ओढता येतं. उत्तमकाकाचं पागेर त्याच्या आजोबाच्या वेळचं. अर्धं आजोबाचं, अर्धं ठिगळांचं.

एकदा पावसाळ्यात पाण्याला ओढ होती. वरून वाहत आलेलं एक अख्खं झाड त्या पागेराला अडकलं आणि काकाला घेऊन निघालं. काका छातीएवढ्या पाण्यात, मग गळ्याएवढ्या. दादा ओरडला, "काका, दोरी सोड!" काका ओरडला, "आजोबाचा जाळा आसा रे!"

"आजोबा मेलो!"

"म्हणान तर! थंय गेल्यार तेका काय सांगू?"

दादाने पाण्यात उडी घेतली आणि कोयतीने दोरी कापली. झाड गेलं, जाळं गेलं, काका राहिला. काका आठ दिवस दादाशी बोलला नाही. नवव्या दिवशी आमच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "जीव वाचयलंस ता ठीक. पण दोरी जरा लांबसून कापूची होती."

*

दादा शाळेच्या बालरथाचा, म्हणजे पोरांना ने-आण करणाऱ्या बसचा, ड्रायव्हर होता. सकाळी नदीवर, तिथून थेट ड्युटीवर. पॅन्ट ओली, अंगाला माशांचा वास. पोरं नाक धरायची, पण पुढची सीट मिळावी म्हणून भांडायची.

एकदा त्याला हातभर चोणक मासळी मिळाली. घरी यायला वेळ नव्हता, म्हणून त्याने ती ओल्या गोणपाटात गुंडाळून सीटखाली ठेवली. शाळेच्या गेटजवळ ब्रेक मारला तशी चोणक गोणपाटातून सुटली आणि पोरांच्या पायांत उड्या मारायला लागली! किंकाळ्या, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या. टीचर धावत आल्या. "ड्रायव्हर, हे काय आहे?"

दादाच्या वतीने पहिलीतली एक चिमुरडी पुढे झाली. "टीचर, नवीन अ‍ॅडमिशन!"

दादा गेल्याचं त्या पोरांना चार दिवस कुणी सांगितलं नव्हतं. नवा ड्रायव्हर आला तेव्हा ती चिमुरडी गाडीत चढेना. त्याचा शर्ट हुंगून म्हणाली, "ह्यो आमचो न्हय."

*

आता माझा किस्सा.

मला मोबाइल हवा होता. मागच्या उन्हाळ्यात मी दोन महिने रात्री रेतीच्या होडीवर गेलो. काम सोपं आहे. लांब बांबूला लोखंडी बादली, ती तळाला लावायची, अंगाचा भार टाकायचा आणि ओढायची. होडी भरेपर्यंत ओढायची. जिथे रेती चांगली तिथून हलायचं नाही. खाली खड्डा होतोय ते होडीतून दिसत नाही. बांबू जास्त बुडायला लागला की कळतं, एवढंच. आमच्या वळणावरच, जाळं टाकायच्या जागेच्या जरा पलीकडे, आम्ही नऊ खड्डे मारले.

दादाला मी होडीवर जातो ते कळलं, कुठे जातो ते कळलं नाही. घरी जेवताना म्हणाला, "तळ म्हणजे नदीची जमीन. घरातली जमीन खणून कोण विकता रे?"

मी म्हटलं, "तुझ्या बालरथार कंडक्टर म्हणान घे माका. उद्याच सोडतंय."

आई हसली. दादाही हसला. "तुका घेतलंय तर पोरांक कोण सांभाळतलो, आणि तुका कोण?"

होडीचा मालक सांगायचा, पावसात खड्डे आपोआप बुजतात. मी लगेच मान्य केलं. मोबाइल मिळाला होता ना!

*

तो दिवस. पाऊस ओसरला होता, सकाळची ओहोटी. वळणावर शेवटे जातीचे मासे उड्या मारत होते, पाच नाही, दहा नाही, पाणी उकळल्यासारखं! दादा पागेर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात. उत्तमकाका आणि फोंडू खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर. मी काठावर, मासे कुठे जातात ते बघून सांगायला.

शेवटे पलीकडे सरकले. दादा थांबला. पायाने चाचपलं असावं काहीतरी. वळून मला विचारलं, "दिपू, फुडे खोल आसा काय रे?"

मी ओरडलो, "नाय रे! जा! थंयच आसत सगळे!"

मला वाटलं होतं खड्डे बुजले असतील, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं आहे. मला काहीच वाटलं नव्हतं. मला फक्त शेवटे दिसत होते.

दादाने पागेर फेकलं. काय फेकलं होतं! पुरं गोल, ताटासारखं. मी टाळी वाजवली. जाळं बुडालं, त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि टोपी पाण्यावर राहिली.

मी उडी मारली. मला तळ लागेना. जाळं पायांत आलं तसा मी ओरडत वर आलो. फोंडूने मानेला धरून मला बाहेर काढलं. मी त्याच्या हाताला चावलो, तरी त्याने सोडलं नाही.

*

फायर ब्रिगेडच्या माणसांनी दुपारी त्याला वर काढलं. दोरी मनगटाला तशीच. त्यांच्यातला एक वही घेऊन आला आणि विचारलं, "पोहता येत होतं का?"

उत्तमकाका म्हणाला, "पोहूक येय होता. चलूक गेलो म्हणान बुडलो."

त्या माणसाने काय लिहिलं कुणास ठाऊक.

पागेरात सात शेवटे होते, जिवंत. उत्तमकाकाने ते एकेक करून सोडवले आणि नदीत सोडले. एवढ्या वर्षांत हातात आलेला मासा परत सोडताना मी त्याला कधी बघितला नव्हता.

*

तेराव्याला कुणीतरी आईच्या कानावर घातलं की वळणावरचा राखणदार देव रागावलाय, त्याला नारळ द्यायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आई निघाली, बरोबर वाडीतली पाचसात माणसं. मी पहाटे उठून बांबूच्या बेटातले नऊ बांबू तोडले होते. त्यांची मोळी खांद्यावर घेऊन मी मागे.

फोंडू म्हणाला, "कित्याक रे?"

"दादा गेलो थंय खूण घालूक."

"एका जाग्याक नऊ?"

मी मोळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. त्याला वाटलं असेल, दिपूचं डोकं फिरलंय. तसं ते आधीही फार जाग्यावर नव्हतंच!

काठावर उत्तमकाकाने नारळ हातात धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा, ह्या पाण्याच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"ह्या माऊलीन आपलो पोटचो झील घालयलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण तुझ्या नदरेत चुकलो असात, जाणतो नेणतो, तेका पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी मोळी सोडली, एक बांबू घेतला आणि पाण्यात उतरलो.

"दिपू! मेल्या, मागे ये!" फोंडू ओरडला. मी गेलो. दादाचा खड्डा पायाला लागला, त्याच्या कडेला बांबू रोवला. परत काठावर आलो, दुसरा नेला. तिसरा नेला. चौथा रोवला, पाचवा रोवला. मी शोधत नव्हतो, सरळ जात होतो, ते सगळ्यांना दिसत होतं.

सहावा रोवून झाला तेव्हा फोंडूने हळूच विचारलं, "दिपू, तुका कसे रे ठावक?"

मी पाण्यातूनच सांगितलं. आईकडे बघून सांगितलं. "खणले ते मीच. दादान इचारल्यान तेव्हा खोल नाय म्हणान सांगितलंय, ता पण मीच."

उत्तमकाकाच्या हातात नारळ तसाच. मी छातीएवढ्या पाण्यात उभा. आता मागे जावं की पुढे, मला कळेना.

आईने विचारलं, "अजून किती आसत?"

"तीन."

ती मोळीपाशी गेली. वाकून एक बांबू उचलला, लुगडं सावरत पाण्याच्या कडेला आली आणि तो माझ्या दिशेने पाण्यावर सोडला.