कॉलरवरचा कापूस

फोटो शोकेसमध्ये लावून तीन दिवस झाले होते. एक धोतर-टोपीवाले गृहस्थ पाच मिनिटं काचेसमोर उभे होते. समोरच्या स्टँडवर आलेली माणसं एसटीला वेळ असला की शोकेस बघत, पण इतका वेळ कुणी एकाच फोटोपुढे थांबत नसे. मी आतून बघत होतो आणि मनातल्या मनात फुगत होतो. आपल्या कामाची कदर करणारा एक तरी माणूस जळगावात निघाला म्हणायचा.

साल १९८७. शांतीलालजींच्या स्टुडिओत मी फोटोग्राफर होतो. मुंबईला आर्टचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. तिथल्या आमच्या सरांनी रोमँटिसिझम शिकवला होता. सोप्या भाषेत सांगायचं तर नियमापेक्षा भावना मोठी, आणि कलावंत हा इतरांपेक्षा वेगळाच प्राणी. यातलं दुसरं वाक्य मला जास्त आवडलं होतं. असा मी जळगावात पासपोर्ट फोटो काढत होतो आणि ‘हनुवटी खाली घ्या’ म्हणत होतो.

आठवडाभर आधी वैशाली आणि सुनील आले होते. ती कॉलेजात शिकत होती, तो एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, सुपरवायझर होता. दोघांची जात वेगळी. घरी काहीच माहीत नव्हतं. भुसावळला रेल्वेत त्याचं काम होणार होतं. ऑर्डर हातात पडली की घरी सांगायचं, नाही ऐकलं तर रजिस्टर लग्न करायचं, असं त्यांचं ठरलेलं. दोन महिने कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं. तोवर दोघांचा एक फोटो हवा होता, पोस्टकार्ड साइज, दोन कॉप्या.

“भाऊ, कुणाला दाखवू नका हं,” वैशाली म्हणाली.

“ताई, स्टुडिओ म्हणजे डॉक्टरचा दवाखाना. इथली गोष्ट बाहेर जात नाही.” हे वाक्य मी इतक्या ऐटीत बोललो होतो की आजही आठवलं की मान खाली जाते.

मी लाइट लावेपर्यंत दोघं खिडकीजवळच्या बाकावर बसली. सुनील थेट कामावरून आला होता. त्याच्या कॉलरवर कापसाचा पुंजका चिकटला होता. वैशालीनं तो दोन बोटांनी अलगद उचलला, आणि तो टाकायचं विसरून त्याच्याकडे बघत राहिली. खिडकीचा उजेड तिच्या गालावर होता. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. तो वरून खाली बघून फोटो घ्यायचा, पेटीसारखा कॅमेरा. बटण दाबलं तरी आवाज जवळजवळ नाही. मी दाबलं. त्यांना कळलंही नाही.

मग त्यांना सरळ बसवलं, फ्लॅश मारला आणि त्यांचा फोटो काढला. तो त्यांना हवा होता, मला नको होता.

कापसाचा फोटो मी एनलार्जरवर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्रावर, बारा बाय पंधरा इंचांचा केला. खरं सांगतो, तसा फोटो मला पुन्हा कधी जमला नाही. शांतीलालजींनी चष्मा वर करून बघितला.

“अच्छा है. पण ही माणसं कोण? विचारलंस त्यांना?”

“शेठजी, ही कला आहे. कलेत विचारायचं काय?”

“कला असेल. तरी विचार. विचारल्याशिवाय लावू नकोस.”

दुसऱ्या दिवशी ते भाचीच्या लग्नाला राजस्थानात पालीला गेले. तिसऱ्या दिवशी फोटो शोकेसमध्ये होता.

तर ते गृहस्थ आत आले. त्यांनी टोपी सारखी केली.

“भाऊ, हाऊ फोटो तुम्हीन काढा का?”

“हो आबा. आवडला?”

“भारी शे. कोन शेतस ह्या?”

मला वाटलं, हा खरा रसिक. शिकलेला नाही, पण फोटोतलं प्रेम त्याला दिसतंय. मी त्यांना खुर्ची दिली. चहा मागवला. जिनिंग सांगितलं, कापूस सांगितला, भुसावळची नोकरीही सांगितली. “दोघांच्या घरी विरोध होईल, आबा, पण ही थांबायची नाहीत. प्रेम असं असतं,” असं म्हणून वर त्यांच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं बघितलं.

त्यांनी चहा पूर्ण प्यायला. कपबशी स्टुलावर नीट ठेवली.

“बठ्ठं सांगं तुम्हीन. बरं व्हयनं.” सगळं सांगितलंत, बरं झालं, असं ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. “ती मनी भाची शे.”

म्हणजे वैशाली त्यांची भाची होती. ते उठून गेले. मी धावत जाऊन शोकेसमधला फोटो उतरवला. 

आठ दिवसांनी सुनील एकटाच पावती घेऊन आला. दाढी वाढलेली. वैशालीला आबा आले त्याच दिवशी कॉलेजातून उचलून शिंदखेड्याला त्याच मामाकडे नेलं होतं. लग्न ठरवत होते.

“आमचं फक्त एका मित्राला माहीत होतं,” तो म्हणाला. “त्यानंच सांगितलं असणार. मी त्याचं तोंड बघत नाही आता.”

मला तिथं एकच वाक्य बोलायचं होतं: ‘मित्रानं नाही, मी सांगितलं.’ मी पाकीट पुढे केलं आणि म्हणालो, “दोन कॉप्या आहेत, बघून घ्या.” त्यानं न बघताच खिशात टाकलं. मी भित्रा निघालो. प्रेमावर व्याख्यान देणारा मी एका निरपराध मित्राच्या माथी माझं पाप ठेवून गप्प बसलो. याची मला फोटोपेक्षाही जास्त लाज वाटते.

पुढे मी धुळ्यात स्वतःचा स्टुडिओ टाकला. पहिल्याच दिवशी रबरी शिक्का करून घेतला: ‘शोकेसमध्ये लावू का? हो / नाही’. प्रत्येक पाकिटावर तो मारत असे. आपण धडा शिकलो, असं मला वाटत होतं.

१९९८च्या जूनमध्ये एक बाई मुलीला घेऊन आली. शाळेसाठी फोटो हवा होता. मी मुलीचे केस सारखे केले, फोटो काढला, पाकिटावर शिक्का मारून सहीसाठी पुढे केलं. बाईनं शिक्का वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

“आता विचारता होय?” ती म्हणाली.

तेव्हा मी तिला ओळखलं. तिनं ‘नाही’वर खूण केली आणि पेन जागेवर ठेवलं.

“ताई, तुमच्या मामांना मीच...”

“माहीत आहे. मामाच म्हणाले, फोटोवाला तो कापसाचा फोटो दाखवून फार कौतुकानं सांगत होता.”

तिचा आवाज जराही चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

“ती निगेटिव्ह मी जपून ठेवलीय,” मी म्हणालो. “देऊ?”

“कापसाची ना? ती तुमची. आमचा फोटो दुसरा होता, सरळ बसलेला. तो मी बघितलाच नाही कधी.” मुलगी दारात चप्पल घालत होती. वैशालीनं आवाज खाली आणला. “फ्लॅशला माझे डोळे मिटतात. त्यात मिटले होते का?”

कापसाच्या फोटोतली तिची बोटं, नखं, बाहीची चुणी, सगळं मला अकरा वर्षांनीही पाठ होतं. तो सरळ फोटो मात्र मी धड बघितलाच नव्हता. पाकिटात घातला होता, एवढंच आठवत होतं.

“नाही,” मी म्हणालो, “उघडे होते.”

तिनं मान हलवली आणि मुलीचा हात धरून पायऱ्या उतरली.

शिक्का मी अजून मारतो. त्यानं परवानगी मिळते, एवढंच. नवीन फोटोग्राफरना मी आता आणखी एक गोष्ट सांगतो: गिऱ्हाइकानं मागितलेला फोटो आधी नीट बघा.